दोन आठवड्यांसाठी कुणाच्या शाळेत शिकवायला जाऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या शाळेत व्हॉलंटिअर म्हणून जाण्याबद्दल जो लेख आला तो वाचला. लेख छान लिहिलाय, फोटोही छान आहेत, पण त्यात दोन आठवडे, तीन आठवडे अशी पॅकेजेस दिलीत आणि रोजचं टाइमटेबलसुद्धा छापलंय, सकाळी आठ ते बारा शिकवणे, दुपारी मुलांबरोबर खेळ, शनिवार-रविवार सफारी. ते वाचून मला राहवलं नाही. आमच्याकडची कॉलेजची मुलं असे लेख वाचून आई-वडिलांकडे पैसे मागतात, आणि जिथे जातात तिथल्या मुलांचं काय होतं ते मी जवळून बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. लांबलं तर कापा, पण मुद्दा ठेवा.

मी कराडची. डीएड केलं, मराठी माध्यमाच्या शाळेत गणित आणि इंग्रजी शिकवत होते. मिस्टर साखर कारखान्यात प्रोसेसला आहेत. आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडची किती माणसं आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांत आहेत ते इकडे घरोघरी माहीत आहे, तर ह्यांनाही टांझानियात मोशीजवळ नोकरी लागली आणि २०२२ मध्ये आम्ही तिकडे होतो. मोशी म्हणजे किलिमांजारोच्या पायथ्याचं शहर, वर डोंगरउताराला केळी आणि कॉफी, खाली सपाटीला ऊस आणि मका. आम्ही खालच्या बाजूला राहायचो आणि जवळच्याच एका सरकारी प्राथमिक शाळेत मी बिनपगारी शिकवायला जायचे. आधी व्हॉलंटिअरचं परमिट काढलं, त्याला तिथे क्लास सी म्हणतात, मग शिक्षण कार्यालयाचं पत्र, मग मुख्याध्यापिकांची भेट, ह्या सगळ्याला चिक्कार वेळ गेला. हे मुद्दाम सांगतेय कारण टुरिस्ट व्हिसावर जाऊन शाळेत शिकवणं तिथल्या कायद्यात बसत नाही. बिनपगारी असलं तरी नाही. तुमच्या लेखात ह्याबद्दल एक ओळ नाही.

आता त्या टाइमटेबलबद्दल. तिथे वेळ मोजायची पद्धतच वेगळी आहे, दिवस सूर्य उगवल्यापासून मोजतात, आपले सकाळचे सात वाजले की त्यांचा एक वाजतो, त्यामुळे कुणी दोनला या म्हणालं तर ते सकाळी आठला बोलवतायत. ह्याची सवय आठवड्याभरात होते. सवय होत नाही ती दुसऱ्या गोष्टीची, म्हणजे शाळेच्या गेटातून आत शिरेपर्यंत आज आपल्याला काय करायचंय ते माहीत नसतं. मी पाचवीचे अपूर्णांक घेऊन जायचे, फळ्यावर काय लिहायचं, कुठली उदाहरणं द्यायची सगळं वहीत काढलेलं असायचं, आणि पोचल्यावर कळायचं की सहावीचे सर शेजारच्या गावात मयताला गेलेत. तिथे मयत म्हणजे अर्धा तास जाऊन येणं नाही, सगळा गाव जातो, जेवण करायला बायका लागतात, कबर खणायला माणसं लागतात, वर्गणी असते, आणि शाळेचा मास्तर गेला नाही तर ते फार वाईट दिसतं. मग पाचवी आणि सहावी एकत्र. एका बाकावर तीन तीन, चार चार मुलं, उरलेली खाली फरशीवर, आणि एका खडूवर दोन वर्ग.

दुसऱ्या दिवशी तोच धडा घेऊन जावं तर आरोग्य केंद्राची माणसं आलेली, जंताच्या गोळ्या द्यायच्या आहेत, सगळी मुलं रांगेत. तिसऱ्या दिवशी म्वेंगेची तयारी. म्वेंगे म्हणजे त्यांची स्वातंत्र्याची मशाल, दरवर्षी देशभर फिरते, ज्या भागात येणार तिथे शाळांची मुलं स्वागताला उभी करतात, गाणी बसवतात, वाटेकडेचे दगड चुन्याने रंगवतात. मुलांना त्याचा खरोखर आनंद असतो, १९६१ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा ही मशाल किलिमांजारोच्या शिखरावर पेटवली होती, आणि तो डोंगर ही मुलं शाळेच्या मैदानातून बघतात, त्यामुळे तिकडच्यांना तर तिचं जास्तच प्रेम. मग अपूर्णांक राहिले. एखाद्या दिवशी नळाला पाणी नाही म्हणून मोठ्या मुली बादल्या घेऊन गेलेल्या. एखाद्या दिवशी लाकडं ओली म्हणून चूल धरत नाही आणि उजी, म्हणजे मक्याच्या पिठाची पातळ पेज, तिला उशीर, आणि पोटात काही नसलेल्या मुलाला छेद समान करायला सांगण्यात अर्थ नसतो. ईदची सुट्टी चंद्र दिसण्यावर, तर आदल्या रात्रीपर्यंत उद्या शाळा आहे का नाही ते नक्की नाही. त्यात २३ ऑगस्ट २०२२ ला त्यांची जनगणना होती, त्या दिवशी देशभर सुट्टी, आणि आपल्याकडे जशी जिल्हा परिषदेच्या मास्तरांना ड्युटी लागते तशी तिथेही कितीतरी शिक्षकांना लागली होती.

शाळेचं शेतही असतं, शांबा म्हणतात त्याला. जूलियस न्येरेरे, जे स्वतः शिक्षक होते आणि ज्यांना अख्खा देश म्वालिमु म्हणजे गुरुजीच म्हणतो, त्यांनी १९६७ मध्ये स्वावलंबनासाठी शिक्षण असा विचार मांडला, शाळेने शेती करावी, मुलांनी हाताने काम करावं, थोडंफार आपल्या गांधीजींच्या नई तालीमसारखं. त्याच्या खुणा अजून आहेत. आमच्या शाळेत मका आणि केळी होती. पाऊस पडून गेला की वापसा बघून मुख्याध्यापिका सकाळच्या परिपाठातच सांगायच्या, आज वरचे वर्ग खुरपणीला. ती मक्याची कणसं पुढे मुलांच्याच जेवणात येतात, त्यामुळे मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही, पण माझा तास गेला तो गेलाच.

मार्च ते मे तिकडचा मोठा पाऊस, मसिका. एक दिवस सांगते. आमच्या वर्गाला वर पत्रा, आत सिलिंग वगैरे काही नाही. चौथीला भागाकार शिकवत होते, ऐंशीच्या आसपास मुलं, आणि पाऊस असा सुरू झाला की जणू वरून कुणी खडी ओततंय, माझा आवाज मलाच येईना. मुलं शांत बसून बघतायत बाई आता काय करतात. त्यांच्याकडे सोडा बाटलीची झाकणं असतात, लहान वर्गापासून मोजायला जमवलेली, कुणाच्या खिशात, कुणाच्या प्लास्टिकच्या पिशवीत. मी फळ्यावर २४ भागिले ४ लिहिलं आणि बाकावर झाकणं मांडून दाखवली, चार ढीग. पहिल्या बाकावरच्या मुलीने मान हलवली, स्वतःची झाकणं काढली, मांडली, मागच्या बाकाकडे वळून बोटाने दाखवलं, त्यांनी त्याच्या मागच्यांना. मी पुढचं गणित लिहिलं, त्यात बाकी उरते असं, २६ भागिले ४. ती उरलेली दोन झाकणं हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली, मी फळ्यावर बाकी कुठे लिहायची ते दाखवलं, आणि मग मागे मागे दोन दोन झाकणं वर धरलेले हात दिसायला लागले. पाऊस थांबेपर्यंत वर्गात एक शब्द कुणी बोललं नाही आणि भागाकार अर्ध्याअधिक वर्गाला समजला. हे जमलं कशामुळे, तर त्या वर्गाला झाकणांनी मोजायची सवय त्यांच्या पहिलीच्या बाईंनी लावलेली होती आणि मला ती सवय माहीत होती. त्या बाईंच्या वर्गात मागे बसून मी बरेच दिवस बघितलं होतं म्हणून माहीत होती.

माझा मुद्दा हाच आहे. शाळेचा दिवस कसा जाईल ते आधी सांगता येत नाही, आणि म्हणूनच तिथे रोज असणारं माणूस लागतं. जो रोज आहे त्याला उद्या राहिलेला धडा उचलता येतो. बुधवारी बुडालेले अपूर्णांक मी सोमवारी घ्यायचे. दोन आठवड्यांसाठी आलेल्या मुलाचा बुधवार बुडाला की बुडाला, त्याला गुरुवारी काहीतरी करून दाखवायचंच असतं कारण त्याने पैसे भरलेत, मग शाळेने आपलं सगळं बाजूला ठेवून त्याच्यासाठी वर्ग रिकामा करून द्यायचा.

हे मी बघितलंय. एका संस्थेतर्फे, नाव घेत नाही, मुलामुलींचा एक ग्रुप आला होता, मनाने खरंच चांगली होती ती, दिवसभर उन्हात राबायची. पण त्यांनी तिसरीला शरीराच्या अवयवांची इंग्रजी नावं शिकवली, जी त्या वर्गाला आधीच्या ग्रुपने शिकवली होती आणि त्याच्या आधीच्या ग्रुपनेही. मुलं पाहुण्यांचं मन राखायला पहिल्यांदाच ऐकतोय अशी म्हणायची. सातवीच्या वर्गाची खोली त्यांच्या चित्रकलेसाठी दिली, आणि सातवीला तर तिथे बोर्डाची परीक्षा असते, ज्या परीक्षेवर पुढची माध्यमिक शाळा ठरते, ती मुलं वह्या मांडीवर घेऊन झाडाखाली बसली. गणिताचे सर एक शब्द बोलले नाहीत. पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत तिकडेही नाही. जाताना पेनं आणि खाऊच्या गोळ्या वाटल्या, फोटो काढले, कुणाच्या पालकांना विचारलं नाही. कराडच्या एखाद्या शाळेत परदेशी माणूस येऊन आपल्या पोरांचे असे जवळून फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकायला लागला तर आपण गप्प बसू का? पुढचे कितीतरी दिवस लहान वर्गातली मुलं विचारायची, ते परत कधी येणार. ते परत येणार नाहीत हे सांगायचं काम कुणावर, तर त्याच पहिलीच्या बाईंवर.

अनाथाश्रमांचं तर याहून वाईट आहे. नेपाळ आणि कंबोडियामध्ये पर्यटक येतात म्हणून अनाथाश्रम निघाले, आणि त्यातल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील जिवंत आहेत, हे युनिसेफसारख्या संस्था किती वर्षं सांगतायत. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा कायदा केला त्या वेळी ह्या प्रकाराची दखल घेतली गेली. तुमच्या लेखात मात्र अनाथाश्रमात आठवडाभर मुलांना प्रेम द्या असं लिहिलंय. आठवडाभर प्रेम देऊन निघून जाणारी माणसं त्या मुलांच्या आयुष्यात एकामागून एक येत राहतात, त्याचं लहान मुलाच्या मनावर काय होत असेल ते कुठल्याही बालवाडीच्या ताईंना विचारा.

मग जाऊच नये का, असं कुणी विचारेल. जावं की. मी गेले आणि परत संधी आली तर परत जाईन. पण तिथे नक्की काय कमी आहे ते आधी शाळेला विचारावं आणि मग ते करावं. आमच्या शाळेत काय कमी होतं ते मला मुख्याध्यापिकांनी सांगितलं, मी मनाने ठरवलेलं नव्हतं. तिथे सरकारी प्राथमिक शाळेत सगळे विषय स्वाहिलीत, इंग्रजी फक्त एक विषय, आणि माध्यमिकला गेलं की एकदम जवळजवळ सगळं इंग्रजीत, गणित इंग्रजीत, विज्ञान इंग्रजीत. आपल्याकडे मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला गेलेल्या मुलाला काय होतं ते मी माझ्या वर्गांतून गेलेल्या मुलांचं बघितलंय, हुशार मुलगा पहिल्या सहामाहीत गप्प होऊन जातो. इथे तेच, फक्त तीन-चार वर्षं आधी. तर शाळा सुटल्यावर सातवीच्या मुलांना गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द, वाक्य कसं वाचायचं, प्रश्नात नक्की काय विचारलंय, हे मी घ्यायचे, शेजारी तिथले गणिताचे सर बसायचे आणि स्वाहिलीत समजावायचे. आम्ही दोघांनी मिळून शब्दांची एक वही केली, स्वाहिली एका बाजूला, इंग्रजी दुसऱ्या बाजूला, मुलं ती घरी उतरवून न्यायची. ती वही सरांकडेच आहे आणि त्यांनी त्यात पुढे भर घातलीय, मला व्हॉट्सअ‍ॅपवर पानांचे फोटो येतात. माझ्या तिथल्या सगळ्या कामात ह्या एकाच कामाबद्दल मी छातीठोक सांगेन की ते उपयोगाचं होतं, कारण मी निघाले तरी ते बंद पडलं नाही.

बाकी मी काय केलं, तर हजेरीच्या टोटला, पेपर तपासणं, लहान मुलांना ओळीत उभं करणं, कुणाला ताप आला तर बोडाबोडा म्हणजे मोटारसायकलवाला बोलवून त्याच्या आईकडे पोचवणं, कुणी शिक्षक नसेल तर वर्ग धरून बसणं. ह्याला कुणी अनुभव म्हणून पैसे भरणार नाही, पण शाळेला खरी गरज ह्याचीच असते. २०१६ पासून तिथे सरकारने मोफत शिक्षणाचं धोरण आणलं, पालकांकडून घ्यायच्या वर्गण्या बंद केल्या, ती फार मोठी गोष्ट झाली, मुलं प्रचंड संख्येने शाळेत आली, पण खोल्या आणि शिक्षक त्या वेगाने वाढले नाहीत. त्या शिक्षकांबद्दल आपल्याकडच्या लेखांत एक वाक्य नसतं. फोटोत व्हॉलंटिअर असतो, मुलं असतात, शिक्षक नसतो. जो माणूस ऐंशी मुलांचा वर्ग वर्षानुवर्षं सांभाळतोय, घरी केळी आणि कोंबड्या बघून शाळेत वेळेवर येतोय, त्याला काही येत नाही आणि आपल्या सेकंड इयरच्या मुलाला येतं असं त्यातून दिसतं.

छडीबद्दल पण लिहिते, कारण जाणाऱ्याला हे बघावं लागतंच. तिथे छडी मारायला नियमाने परवानगी आहे, मुख्याध्यापकांच्या संमतीने आणि नोंद ठेवून असा नियम आहे, प्रत्यक्षात छडी ह्यापेक्षा जास्त चालते. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आली, त्याच्या आधी आपल्या शाळांत काय चालायचं ते आपल्या पिढीला माहीत आहे. मला ते बघवायचं नाही. वर्गासमोर कुणाला बोलले नाही, मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन सांगितलं की माझ्या तासाला छडी नको आणि माझ्या तासातल्या चुकीसाठी नंतरही कुणाला मारू नका. त्यांनी ते मान्य केलं. सगळ्या शाळेतली छडी काही मी बंद केली नाही. पण पुढे सहावीचे सर स्वतःहून विचारायला आले की एवढ्या मुलांना छडीशिवाय बाई गप्प कशा ठेवतात, आणि मग आम्ही बसून बोललो, त्यांना ओळीने गटप्रमुख नेमायची पद्धत आवडली, ती त्यांनी घेतली. पहिल्या आठवड्यात मी हे बोलले असते तर कुणी ऐकलं नसतं, आणि ऐकू पण नये, परक्या घरात आल्या आल्या कोण बोलतं असं.

तेव्हा संपादक साहेब, एक विनंती आहे. अशी पॅकेजेस छापायच्या आधी त्या कंपनीला विचारा की किमान किती दिवस राहावं लागतं, कुठल्या परमिटवर पाठवता, भरलेल्या पैशातले शाळेला किती जातात, मुलांमध्ये जाणारं माणूस तपासून घेता का, म्हणजे पोलिसांचा दाखला वगैरे मागता का, आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी आमच्या वार्ताहराला फोनवर बोलता येईल का. उत्तरं आली तर ती लेखासोबत छापा. नाही आली तर तेही छापा. ज्या मुलांना मनापासून शिकवायचंय आणि हातात दोनच आठवडे आहेत त्यांना कराडपासून दोन-तीन तासांवर कोयनेच्या आतल्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळा आहेत, दोन शिक्षक आणि पाच वर्ग, मराठी बोलता येतं, दर शनिवारी जाता येतं, वर्षभर जाता येतं, आणि ह्या शनिवारी मुलं भातलावणीला गेली म्हणून वर्ग रिकामा मिळाला तर पुढच्या शनिवारी परत जाता येतं. आणि ज्यांना परदेशातच जायचंय त्यांनी किमान एक पूर्ण सत्र काढावं, जायच्या आधी तिथल्या भाषेत आकडे आणि मोठ्यांना करायचा नमस्कार शिकून घ्यावा. स्वाहिलीत मोठ्या माणसाला शिकामो म्हणतात, त्याने मराहबा म्हणायचं, आणि हे न करता थेट कामाचं बोलायला लागलेलं माणूस तिथे उद्धट समजतात.

पुरवणीत जागा असेल तर पुढच्या वेळी एखाद्या टांझानियन किंवा केनियन शिक्षकालाच विचारून लिहा की त्यांच्याकडे कसला व्हॉलंटिअर आलेला त्यांना चालेल. आमच्या शाळेतले गणिताचे सर बोलायला तयार आहेत, मी त्यांना विचारलंय, इंग्रजी उत्तम बोलतात, फक्त सप्टेंबरच्या आसपास नको, तेव्हा सातवीची परीक्षा असते.

आपली,
एक शिक्षिका वाचक, कराड